आधी मानाचा गोठा

राहीबाई गोठ्याच्या दाराशी आली की बोलायची थांबत असे. वाटेत कितीही गप्पा चाललेल्या असोत, उंबऱ्याशी वाक्य अर्धं राहायचं. धार काढून ती बाहेर आली की ते तिथूनच पुढं सुरू व्हायचं. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "गाय ऐकती." पण तिची दुसरी एक सवय होती, तिच्याबद्दल कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ती हवीच होती. एका गोठ्यातली गोष्ट ती दुसऱ्या गोठ्यात कधी नेत नसे. कुणाची गाय किती दूध देते, कुणाच्या दाव्याला गाठी मारल्यात, कुणाकडे पेंढा संपत आलाय, हे तिला सगळं माहीत असे, आणि ते तिच्याजवळच राही.

आमचा सावरकोंड पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. अकरा घरांची वाडी. कर्ते पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. राहीबाई घाटावरची, जावळीकडची. लग्न होऊन खाली आली, आणि चारच वर्षांत तिचा नवरा मुंबईला तापानं गेला. मूल नव्हतं. दीर म्हणाला, माहेरी जा. ती गेली नाही. कोंडाच्या खालच्या टोकाला एक खोपी घेऊन राहिली, लावणीला आणि कापणीला लोकांच्या शेतावर जाऊ लागली. पुढं गायी आल्या आणि तिचे दिवस जरा बरे झाले.

या गायी म्हणजे देशावरच्या गायी. पोलादपुरात रस्त्याला दोन हॉटेलं निघाली होती, एसटी थांबायची, चहाला दूध लागायचं. आमच्या गावठी गायी म्हणजे लहानखुऱ्या, रानात चरणाऱ्या. वासराला पाजून उरेल ते शेरभर दूध. सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर महिपती, म्हणजे आमच्या कोंडाचे मानकरी, घाट चढून गेले आणि तिसऱ्या दिवशी दोन गायी हाकत खाली आले. लोक बघायला जमले. कास गुडघ्याला टेकेल अशी. त्यांचं बघून बाकीच्यांनीही आणल्या. वर्षभरात सात घरांत मिळून नऊ गायी झाल्या.

आणि मग कळलं की त्यांची धार काढणं आमच्या बायकांना जमत नाही. गाय उंच, लाथ मोठी, सड जाड. माझी आई पहिल्या दिवशी चरवीसकट शेणात पडली. राहीबाईचं लहानपण अशाच गायींच्या पोटाखाली गेलेलं. तिनं हात लावला की गाय डोळे मिटायची. सहा घरांनी आपल्या आठ गायी तिच्यावर सोपवल्या. सुगीला प्रत्येक घरचं भात, आणि पाळीपाळीनं रोज एका घरचं चंबूभर दूध, असं तिचं ठरलं. सातवं घर चंद्रभागेचं. तिचं आणि राहीबाईचं बांधावरच्या फणसावरून कधीतरी बिनसलं होतं. चंद्रभागा दोन वेळा लाथ खाऊन स्वतःच शिकली.

राहीबाई पहाटे निघायची ती सगळ्यांची घरं ओलांडून वर, महिपतींच्या गोठ्यात. खरं तर तिच्या खोपीला लागून आमचं घर होतं, मग वरची घरं, आणि मानकऱ्यांच्या खालोखाल येसाजीचं. पण शिमग्याची पालखी आधी मानकऱ्यांच्या अंगणात जाते, नांगर आधी त्यांच्या शेतात लागतो, तेव्हा धारही आधी त्यांच्याच गोठ्यातली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल अशी ती गोष्टच नव्हती. तिथून एकेक गोठा करत ती खाली यायची. धारेची भांडी ज्याच्या त्याच्या घरची. तिच्या दोनच वस्तू होत्या: करवंटीत सडांना लावायचं लोणी आणि कमरेला खोचलेलं एक फडकं. प्रत्येक गाईची पहिली धार ती भुईवर सोडायची. ती जमिनीची. अंधारात, शेणात आणि पातेऱ्याच्या पालापाचोळ्यात ती कुठं जाई, कुणी बघत नसे.

एकोणसाठ सालच्या होळीच्या आसपास मुरारी एका सकाळी दुधाचे दोन्ही डबे भरलेलेच परत घेऊन आला. मुरारी कोंडाचं सगळं दूध एकत्र करून कावडीनं पोलादपूरला नेत असे.

"हाटेलवाला इचारतो, तुमच्या कोंडात दूध काढतात का ताक?" त्यानं कावड विहिरीजवळ टेकवली. "तापवलं की फाटतं. चार दिस झाले. तो म्हनतो, येकाचं कोनाचं तरी नासकं हाय, त्यानं सगळं नासतंय."

"कोनाचं?" आनंदीबाईंनी विचारलं. या महिपतींच्या पत्नी.

"मला काय म्हाईत? तुमी सगळ्या वतता. डब्यात गेल्यावर दूध नाव सांगतं होय?"

विहिरीवर सात घरांच्या बायका होत्या. एकीनं म्हटलं, आमचं नाय बाय. मग दुसरीनं म्हटलं. मग सगळ्यांनीच, जरा घाईघाईनं. आमच्या गाईच्या, बांडीच्या मागच्या सडातून तेव्हा आठवडाभर घट्ट पिवळसर गुठळ्या येत होत्या आणि ती कासेला हात लावू देत नव्हती. माझी आई त्याच विहिरीवर उभी राहून म्हणाली, "आमचं काय सुदीक नाय." हे आईनंच मला पुढं सांगितलं, सांगताना तांदूळ निवडत होती आणि वर बघत नव्हती.

घरोघर हेच होतं. गाईची कास दगडासारखी झाली, तिला ताप भरला, दुधात रक्ताची रेघ आली, की घरची बाई आधी गोठ्याचं दार लोटून घ्यायची. बाहेर कळलं तर लोक म्हणणार, या घराला काहीतरी लागलंय. शिवाय दूध घेणार नाहीत. म्हणून हळद आणि चुना गुपचूप मळायचा, लेप गुपचूप लावायचा, आणि दूध बाजूला काढायच्या ऐवजी चांगल्या सडांच्या दुधात मिसळून डब्यात ओतायचं. राहीबाई सांगायची, "हे वायलं ठेवा." घरातली म्हणायची, "व्हय व्हय." ती पुढच्या गोठ्यात जायची, आणि तिथं तोंड उघडायची नाही.

त्या दिवसापासून कोंडात डोळे बदलले. एकीच्या चुलीवर दूध तापायला लागलं की शेजारीण विस्तव मागायला यायची आणि पातेल्यात डोकावायची. मुरारीसमोर प्रत्येकीनं आपल्या चरवीतलं दूध आधी स्वतः पिऊन दाखवावं, असं कुणीतरी सुचवलं. दोन दिवस तसं झालं. तिसऱ्या दिवशी कुणीच पिईना.

मग आनंदीबाई म्हणाल्या ते वाक्य. विहिरीवरच म्हणाल्या, दोर ओढता ओढता, सहज. "सगळ्या गोठ्यात जाती कोन?"

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे राहीबाई वर गेली तेव्हा आनंदीबाई कंदील घेऊन गोठ्याच्या दारात बसल्या होत्या.

"तुमी कशाला उठला वैनी?"

"बसले. तू काढ."

खालच्या दोन घरांतही तसंच झालं. प्रत्येक दारात एकेक बाई. आधी त्यांना वाटलं, राहीबाई दूध चोरते. मग दूध तर आणखीच कमी व्हायला लागलं. धारेच्या वेळी दारात दुसरं कुणी बसलं की गाय पान्हा चोरते. राहीबाई कास चोळायची, वासरू पुढं करायची, पण अर्धं दूध वरच राहायचं. आनंदीबाईंना वाटायचं, आपण बसतो म्हणून तिला चोरता येत नाही, त्याचाच ती राग काढते.

मग कुशाबा बोलला. कुशाबा म्हातारा, दृष्ट काढायचा, गुरांना पाला द्यायचा. तो पारावर बसून म्हणाला, "बाई घाटावरची, गाई घाटावरच्या. येताना आनखी काय काय उतरलं आसंल, कोन सांगनार?" याच्या पुढं तो गेला नाही. पुढचं लोकांनी आपापल्या घरी पुरं केलं. एका घरानं तिच्या पाळीचं चंबूभर दूध दाराच्या आतून न देता बाहेर पायरीवर ठेवायला सुरुवात केली.

राहीबाईला हे कळत नव्हतं असं नाही. पायरीवरचा चंबू उचलताना तिला सगळं कळलं. कोंडानं तिला गोठ्याबाहेर काढलं तर सुगीचं भात गेलं. आणि एकदा नाव लागलं की लावणीलाही कोण बोलावणार? मग वर जावळीला जायचं, वीस वर्षांनी, भावाच्या दारात.

म्हणून तीही शोधायला लागली. खराब दूध बायका बाजूला ठेवतात असंच ती धरून चालली होती, म्हणून तिचा संशय मुरारीवर होता. तो वाटेत ओढ्याचं पाणी घालत असणार, त्यानंच दूध नासतंय, अशी तिनं मनाशी गाठ मारली. एका सकाळी शेवटचा गोठा झाल्यावर ती त्याच्या मागं लागली, झाडांच्या आडोशानं, पाय न वाजवता. मुरारी उतरत राहिला. ओढ्याशी त्यानं कावड ठेवली. राहीबाई करवंदीच्या जाळीमागं बसली. मुरारीनं हातपाय धुतले, भाकरी सोडली आणि मागं न बघता म्हणाला, "राहीबाय, ये. कांदा हाय."

ती जाळीतून बाहेर आली.

"तुला कसं कळलं?"

"पयल्या वळनापास्नं. काट्यात लुगडं अडकलं की तू शिव्या देतीस." त्यानं भाकरी मोडून अर्धी तिला दिली. "कालच्याला आनंदीबाय आलती मागं. परवा कुशाबा. रोज कोनतरी येतं. माझी भाकर पुरत न्हाय आता."

दोघं हसली. पण परतताना तिला हसू आलं नाही, कारण मुरारी संशयातून सुटला, तर उरलं कोण?

वैशाखात महाडहून गुरांचे डॉक्टर आले. पावसाआधी घटसर्पाची लस टोचायला ते दर साल यायचे, दोन दिवस राहायचे. चाळिशीचे, बारीक, डोक्याला रुमाल बांधून चढ चढणारे. महिपतींच्या अंगणात गुरं जमली. टोचता टोचता त्यांचा हात हरणीपाशी थांबला. हरणी म्हणजे महिपतींनी आणलेली पहिली गाय. त्यांनी खाली बसून तिची कास दाबून बघितली.

"हिला दगडी झाली होती?"

"नाय," आनंदीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पिशवीतून एक वाटी काढली. तोंडावर काळं फडकं ताणून बांधलं, आणि हरणीच्या एका सडाची पहिली धार त्यावर सोडली. काळ्या कापडावर दूध निथळून गेलं आणि वर बारीक पांढरे कण राहिले. फाटलेल्या दुधाचे असतात तसे.

"अजून आहे," ते म्हणाले. "वरून बरी दिसते, आत आहे. कोंडात आणखी किती गायींना झालं?"

अंगणात पंचवीसतरी माणसं होती. कुणी बैलाच्या शिंगाकडे बघत होतं, कुणी आभाळाकडे.

"व्हतं येखाद्या टायमाला येखादीला," येसाजी म्हणाला. "देवाची करनी."

"एखादीला," डॉक्टरांनी तेच परत म्हटलं. ते वाटी धुवायला लागले. आधी पाण्यानं, मग एका जांभळट लाल औषधाच्या पाण्यानं, मग स्वतःचे हात कोपरापर्यंत. "मला बरं वाटलं असतं खरं सांगितलं असतंत तर. हे एका कासेतून दुसऱ्या कासेत जातं. आपोआप जात नाही. कुणीतरी न्यावं लागतं."

राहीबाई गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होती. ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. एका गाईला हात लावायचा, आणि दुसरीला लावायच्या आधी एवढं धुवायचं.

ती दुपारी घरी गेली नाही. आमच्या घरामागच्या बांधावर बसली, तापलेल्या दगडावर. आईनं तिला तिथं बघितलं. ओठ हलत होते. आईला वाटलं, मंत्र म्हणते, आणि तिनं मागचं दार लावून घेतलं.

राहीबाई गायी मोजत होती. कोंडात कुणाच्याच जवळ तो हिशेब नव्हता, प्रत्येकाला फक्त आपली गाय माहीत होती. आठही गायी फक्त तिच्या बोटांना माहीत होत्या. पहिली हरणी, गेल्या श्रावणात, मुसळधार पावसात. गोठ्यात खतासाठी घातलेला पातेरा कुजून चिखल झाला होता आणि हरणी त्यातच बसायची. मग पंधरा दिवसांनी त्याच गोठ्यातली कपिली. मग खालचा गोठा. मग त्याच्या खालचा. तिनं दोनदा, तीनदा मोजून बघितलं. दर वेळी गायी त्याच क्रमानं येत होत्या, ती पहाटे चालायची त्या क्रमानं. त्या ओळीतून सुटलेल्या दोनच सापडल्या. एक वर्षभर भाकड राहून पंधरा दिवसांपूर्वी व्यालेली, दुसरी सहा महिने आटलेली. दोघींच्या कासेला त्या काळात तिचा हात नव्हता. आणि चंद्रभागेची गाय, जिच्या गोठ्यात ती कधी गेलीच नव्हती.

लोकांचा संशय बरोबर माणसावर होता. हे तिनं कुणाला सांगितलं नसतं तर कधी कळलंही नसतं. डॉक्टर सकाळी जाणार होते. गाईंच्या कासा एकेक करून आटल्या असत्या, लोक तिच्याकडे बघत राहिले असते, पण बघण्याला पुरावा नसतो. आणि सांगितलं, तर कुशाबाचं म्हणणं तिनंच खरं केलं असं होणार. शिवाय सांगायचं म्हणजे प्रत्येक गोठ्याचं दार सगळ्यांसमोर उघडायचं. ती संध्याकाळी धारा काढायला गेली तेव्हा, आई सांगते, आमच्या बांडीपुढं बराच वेळ नुसती बसून होती. हात मांडीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पिशवी भरत होते. राहीबाई अंगणात आली आणि डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "साहेब, काल तुमी इचारलं किती. मी सांगते."

"तू काय सांगनार?" आनंदीबाई म्हणाल्या.

"पयली हरणी. गेल्या श्रावनात. मागला उजवा सड."

"राही, गप बस."

"मग कपिली. त्याच महिन्याच्या अखेरीला."

महिपती ओटीवर बसले होते. त्यांनी पान खायचं थांबवलं. येसाजी मात्र हसला. मानकऱ्यांचं बिंग फुटताना बघून त्याला बरं वाटलं असावं.

"भादव्यात येसाजीदादांची मोरी."

"आमची? आमची कदी?" येसाजीचं हसू तिथंच राहिलं.

"गौरीच्या आदल्या दिवशी. तुमच्या आवडीनं हळद-चुना मळला, मी लावला. इचारा तिला."

आवडी, म्हणजे येसाजीची बायको, खांबामागं सरली. मग राहीबाईनं एकेक करून बाकीच्या तिघी सांगितल्या, सड कुठला, महिना कुठला, लेप कशाचा. प्रत्येक नावाला एकेक घर मागं सरकत गेलं. आमचं नाव शेवटी आलं. आई म्हणते, मला पोटात घेईल अशी जमीन हवी होती.

"सहा गायी," डॉक्टर म्हणाले. ते खाली बसून लिहीत होते. "दहा महिन्यांत. आणि तुम्ही म्हणता एखादीला."

"आनखी येक हाय," राहीबाई म्हणाली. तिचा आवाज इथं जरा कमी झाला. "चंद्रभागेच्या गाईला नाय झालं."

"का?"

"तिथं मी जात नाय."

तिला काय म्हणायचंय ते डॉक्टरांना लगेच कळलं, बाकीच्यांना क्षणभरानं. कुशाबानं काठी जमिनीवर टेकवली. "मी म्हनलो त्ये खरं झालं का नाय? घ्या."

"आजोबा," डॉक्टर म्हणाले, "तिच्या जागी तुम्ही धार काढली असती तरी हेच झालं असतं."

"मी कशापायी काढीन धार?"

"बाई, हात आणा इकडं." त्यांनी तिचा हात घेऊन सगळ्यांना दाखवला, जसा काल सड दाखवला होता. तिला ते आवडलं नसावं, पण तिनं हात ओढून घेतला नाही. "हरणी ओल्यात बसली, तिथून तिला लागण झाली. त्याच हातानं, त्याच फडक्यानं पुढची गाय. त्याच करवंटीतलं लोणी. शिवाय दूध पुरतं निघत नव्हतं. कासेत राहिलेलं दूध आजार वाढवतं. पुरतं का निघत नव्हतं?"

"दारात बसायच्या," राहीबाई म्हणाली. कोण ते म्हणाली नाही.

डॉक्टरांजवळ सडात सोडायचं औषध तीनच गायींना पुरेल एवढं होतं. ते त्यांनी आमच्या बांडीला, मोरीला आणि कपिलीला दिलं. हरणीला दिलं नाही, तिचा एक सड गेलाच होता. लाल औषधाची पुडी त्यांनी राहीबाईजवळ ठेवली. लोणी बंद. फडकं बंद. प्रत्येक गाईआधी हात धुवायचे. पातेरा रोज उपसायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निरोगी गाय आधी, आजारी शेवटी. हरणी सगळ्यांच्या शेवटी.

"म्हंजी आमचा गोठा शेवटी?" आनंदीबाईंनी विचारलं.

"हो."

"मंग नको. आमी आमची काढू."

दुसऱ्या पहाटे राहीबाई खालून निघाली. तिच्या डोक्यावर पाण्याची कळशी होती. पहिलं घर आमचं. दार बंद होतं. ती थोडा वेळ उभी राहिली, कडी वाजवली नाही, पुढं गेली. आत आई जागी होती. दहा-बारा दिवस आम्ही तिला बोलावलं नाही. येसाजीनंही नाही. वरच्या आणखी एका घरानं तर कायमचंच दार लावलं. तिच्यामुळं त्यांची सोयरीक मोडली असं ते पुढं कित्येक वर्षं म्हणत. दोन घरं उघडी राहिली, तीही तिच्यावर भरवसा होता म्हणून नाही. त्यांच्यात धार काढायला दुसरं कुणी नव्हतं.

मानकऱ्यांच्या गोठ्यात आनंदीबाई स्वतः बसू लागल्या. हरणी त्यांना उभं राहू देत नसे. अर्धं दूध कासेत, अर्धं अंगावर. नवव्या दिवशी हरणीचा दुसरा सडही गरम लागायला लागला, आणि शेजारी कपिली, जिला औषध दिलं होतं, तिनं पाय आपटायला सुरुवात केली. महिपती हे सगळं ओटीवरून बघत होते. ते कमी बोलायचे. त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "गावजेवनाला आपन कवा बसतो?"

"कवा म्हंजी? शेवटच्या पंगतीला," आनंदीबाई म्हणाल्या. "घरचं कार्य असंल तर मानकरी आधी बसंल व्हय?"

"का बसत नाय?"

"लोक जेवायचे राहिल्यात आनि आपन बसायचं, कसं दिसंल?"

"तसंच," महिपती म्हणाले आणि ताक मागितलं.

राहीबाईला बोलावणं गेलं नाही. महिपती संध्याकाळी स्वतः काठी टेकत खाली तिच्या खोपीपर्यंत उतरले, बाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांचं झालं की ये. घाई नको करू." कोंडातल्या प्रत्येक घरानं त्यांना उतरताना बघितलं. दोन दिवसांनी आईनं आमचं दार उघडं ठेवलं. पाणी तापवून गोठ्याच्या तोंडाशी ठेवलं.

राहीबाईनं मात्र आता एक अट घातली, सगळ्या घरांना सारखी. ती एकटी धार काढणार नाही. घरच्या बाईनं आधी यायचं, काळं फडकं ताणलेली वाटी स्वतः धरायची, प्रत्येक सडाची पहिली धार तीवर घ्यायची आणि स्वतः बघायची. मग बाहेर जायचं. पहिली धार जमिनीची असते, ती अशी फडक्यावर कशी, म्हणून कुशाबा कुरकुरला. राहीबाई म्हणाली, बघून झाल्यावर जमिनीलाच द्या की.

पहिल्या दिवशी ती मानकऱ्यांच्या गोठ्यात पोचली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. आनंदीबाई वाटी घेऊन तयार होत्या.

"हात," त्या म्हणाल्या.

राहीबाईनं दोन्ही हात पुढं केले. औषधाच्या पाण्यानं नखांच्या कडा तांबूस झाल्या होत्या. आनंदीबाईंनी तळवे बघितले, उलटे करून बघितले, बोटं फाकवून बघितली. मग वाटी हरणीखाली धरली. राहीबाईनं एक धार सोडली. दुसरी. त्या दारापाशी उजेडात गेल्या आणि फडकं डोळ्यांजवळ नेलं. हरणीच्या नव्यानं बिघडलेल्या सडाचे कण त्यावर होते. ते त्यांनी बोटानं दाबून बघितले. मग औषधाच्या पाण्यात दोघींचे हात, वाटी, फडकं सगळं धुऊन कपिलीची धार घेतली. काळं कापड ओलं झालं, पण त्यावर काही राहिलं नाही. त्यांनी ते तिरकं धरलं, सरळ धरलं, पुन्हा दारापाशी नेलं.

"हिच्यात काय नाय," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाय ना?"

"आज नाय." त्यांनी फडकं पिळलं आणि वाटी कोनाड्यात ठेवली. "उद्या बघू."

राहीबाई कपिलीजवळ बसली आणि आनंदीबाई बाहेर जाईपर्यंत थांबली.